खटक्यावर बोट ठेवायचंय, पण कुठल्या? (पहिलं पिस्तूल की रिव्हॉल्व्हर)

चंदेरी_हुपरीकर | सोमवार, रात्री १०:४२

रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हुपरीत आमचं चांदीचं छोटं काम आहे. पैंजण, जोडवी, वाळे. आठवड्यातनं दोनदा माल घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, यावं लागतं. परत जाताना कधी रोकड असते, कधी कच्ची चांदी. मोटरसायकलवर, पोटाला पिशवी बांधून. गेल्या महिन्यात अंधार पडल्यावर परतत होतो, तर वसगड्याच्या अलीकडं दोघं गाडीवर मागं लागले. मी सावकाश केली की ते सावकाश. पंपावर गाडी घातली तसे पुढं निघून गेले. कदाचित काहीच नसेल. पण घरी पोचल्यावर कुलपाला किल्ली लागेना, एवढा हात थरथरत होता.

म्हणून आता परवाना काढायचा विचार आहे. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? बोअर, म्हणजे नळीचं माप, .३२ की .२२? शिकायलाही तेच आणि वेळ आली तर उपयोगालाही तेच, असं एकच हत्यार असतं का? बजेट दीड लाखाच्या आतबाहेर. अनुभव म्हणाल तर जोतिबाच्या यात्रेत फुगे फोडलेत. पाचातले दोन.

गंगावेशी_गडी | रात्री १०:५१

पाचातले दोन म्हंजे दोन चोर असतील तर जमतंय की भावा. तिसरा आला तर बोलत बस त्येच्याशी.

(हलकं घ्या.) खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काळा_कोट | रात्री ११:३०

हुपरीकर, तुम्ही लग्न ठरायच्या आधी बारशाचं नाव विचारताय. आधी परवान्याचं बघू.

आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून. वय २१ पूर्ण हवं. ओळखीचे-पत्त्याचे कागद, वैद्यकीय प्रमाणपत्र (त्यात मानसिक स्थितीही आली), शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. हे २०१६ च्या शस्त्र नियमांतलं. मग पोलीस ठाण्याकडून चौकशी. ते गावात येतात, शेजारीपाजारी विचारतात, तुमच्यावर काही गुन्हा आहे का बघतात. शस्त्राचा प्रकार अर्जातच लिहावा लागतो, त्यामुळं तुमचा प्रश्न अगदीच अवेळी नाही म्हणा.

खरा मुद्दा 'गरज का' या रकान्याचा. 'मी व्यापारी आहे' एवढ्यानं भागत नाही. किती माल, कोणत्या रस्त्यानं, किती वेळा, पूर्वी काही घडलंय का, त्याची कुठं नोंद आहे का. तुम्ही त्या रात्रीची तक्रार दिली होती का? नसेल दिली, तर शेपटाशिवायचा बैल घेऊन बाजारात चाललाय. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागायचं आणि ३० दिवसांत पुण्याला विभागीय आयुक्तांकडं अपील.

दुसरं. ९ एमएम, .३८, .४५ ही बोअर सर्वसामान्यांना मिळत नाहीत, ती निषिद्ध बोअर. त्यामुळं पडद्यावर बघून ठरवलं असेल तर विसरा. तुमच्या आवाक्यात मुख्यतः .३२ आणि .२२ येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं (आधी ३ होती) आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं.

तिसरं, हे खास हुपरीकरांसाठी. परवाना महाराष्ट्रापुरता असला आणि तुम्ही कमरेला लावून निपाणीला चहा प्यायला गेलात, तर तो चहा महागात पडेल. तुमच्याकडं कर्नाटकाची हद्द लागते कधी आणि संपते कधी ते कळत नाही. सेलमला माल घेऊन जाणार असाल तर परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय ते आधी वाचा.

तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ७:१५

+१. वाचनखूण साठवली.

दहा_पॉइंट_नऊ | मंगळवार, दुपारी २:०५

मी नववीत असताना दुधाळीच्या रेंजवर जायला लागले, सात वर्षं एअर पिस्तूल (हवेच्या दाबानं छर्रा उडवणारं) केलं, राज्य पातळीपर्यंत गेले, मग नोकरी लागली आणि सुटलं. मोठी नेमबाज नव्हे, पण शिकणं म्हणजे काय ते माहीत आहे, म्हणून लिहिते.

पहिलं हत्यार एअर पिस्तूल घ्या. किंवा घेऊही नका, क्लबचं वापरा. ०.१७७ इंचापर्यंतचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर हत्यार असेल तर परवाना लागत नाही. म्हणजे तुमचा अर्ज साहेबांच्या टेबलावर झोपलेला असताना तुम्ही शिकू शकता. छर्रा स्वस्त. .३२ चं काडतूस प्रत्येक बाराला खिशाला कळतं, आणि परवान्यावर लिहिलेत तेवढेच मिळतात. सरावाला पुरत नाहीत.

शिकवतात काय ते सांगते. पहिले पंधरा दिवस मला सरांनी छर्राच दिला नाही. पांढऱ्या भिंतीसमोर उभं करायचे. पिस्तूल उचल, धर, श्वास निम्मा सोड, चाप दाब, 'टक्', खाली ठेव. भिंतीवर निशाण नसतं, त्यामुळं नजर जाते फक्त समोरच्या माशीवर (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंटा), आणि दिसतं की आपण 'टक्' व्हायच्या आत मनगट खाली झटकतो. प्रत्येक वेळी. आपल्याला वाटतं हात स्थिर आहे, पण आवाज होणार म्हणून मनगट आधीच घाबरलेलं असतं. ती झटकणी जायला मला तीन महिने लागले.

१० मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. चाप किमान ५०० ग्रॅमचा. तिथं हात थरथरला की कागद लगेच चुगली करतो, आणि कोणाचा जीव जात नाही.

आणि गंगावेशी_गडी, ते 'खटक्यावर बोट' रेंजवर म्हणालात तर सर कान धरून बाहेर काढतील. बार टाकायचा निर्णय होईपर्यंत बोट खटक्यावर नसतंच. चापाच्या वर, चौकटीला सरळ लावलेलं.

गंगावेशी_गडी | २:११

म्हंजे कोल्हापूरची म्हणच रद्द. 😢

टाकळीचा_सुभेदार | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

सैनिक टाकळीचा आहे. २६ वर्षं नोकरी केली, आता ऊस आणि नातवंडं.

ताईंचं शिकण्याबद्दलचं १०० टक्के बरोबर. एकच भर. एअर पिस्तुलाला धक्का नाही, आवाज नाही, चाप अर्ध्या किलोचा. .३२ रिव्हॉल्व्हर घोडा (मागचा हातोडा) न चढवता ओढायचं म्हंजे चार-पाच किलो तरी बोटावर. पोरगं एअरवर तयार झालं म्हंजे तिथं तयार झालं असं नाही. अर्धं झालं.

रिव्हॉल्व्हर का पिस्तूल? नवख्याला रिव्हॉल्व्हर. कारण सांगतो. सहा घरं, डोळ्याला दिसतात. उघडलं की भरलंय का मोकळं ते अंधारातसुद्धा अंगठ्यानं कळतंय. एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढा, पुढचं घर येतं. पिस्तुलात फुसकं निघालं किंवा काडतुसाचा रिकामा खोका अडकला तर दोन्ही हातांनी खेचून काढायला लागतंय, आणि ती सवय शेकडो वेळा केल्याशिवाय लागत नाही. पिस्तुलाचा दुसरा धोका, मॅगझीन काढलं की लोकांना वाटतं मोकळं झालं. नळीत एक बसलेलं असतंय! आख्ख्या नोकरीत मी जे चुकून उडालेले बार बघितले त्यातले बहुतेक ह्याच एका चुकीचे.

पण हुपरीकर, राग मानू नका. मोटरसायकलवर दोन्ही हात मुठीवर. हत्यार कमरेला, वर जॅकेट, वर पिशवीचा पट्टा. मागनं दोघं येऊन लाथ घालणार. तुम्ही हत्यार काढणार कुठल्या हातानं?

कॅलिबर_कट्टा | मंगळवार, रात्री ९:२०

सुभेदारसाहेबांना दंडवत घालून असहमती. पिस्तूल चपटं असतं, पोटाला टोचत नाही, उन्हाळ्यात शर्टाखाली दिसत नाही. न दिसणं हाच अर्धा फायदा. अडकतं म्हणता, पण चांगली काडतुसं आणि साफसफाई असेल तर किती वेळा?

पर्याय मोजून सांगतो. सरकारी कारखान्याचं .३२ पिस्तूल म्हणजे अशनी. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचं जुनं .३२, जे मधोमध मोडून उघडतं. तिथलंच हलकं 'निर्भीक', २०१४ मध्ये आलं, साधारण अर्ध्या किलोचं. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ', त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटर, वजन काडतुसाविना पावणेसातशे ग्रॅमच्या घरात. वेब्ली अँड स्कॉट आता उत्तर प्रदेशात बनतं, तेही .३२ मध्ये. .२२ मध्ये 'निडर' रिव्हॉल्व्हर आहे. धक्का कमी, पण संरक्षणाला मी .२२ घेणार नाही.

आणि एक लक्षात ठेवा, .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं एक नाहीत. आकडा सारखा म्हणून मित्राची उसनी घालायला जाल आणि फसाल (उसनी घेणंही बेकायदा, ते वेगळं).

माझं मत: आपल्या मुठीत बसेल ते. दुकानात जाऊन धरून बघा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर ते कितीही भारी असो, तुमचं नाही.

राजारामपुरी_१३वी_गल्ली | मंगळवार, रात्री १०:०२

निर्भीकचं नाव निघालं म्हणून. ते आलं तेव्हा 'बायकांसाठी रिव्हॉल्व्हर' म्हणून गाजावाजा झाला होता. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. मी तेव्हा महिना अकरा हजारांवर काम करत होते, रात्रीच्या शेवटच्या केएमटीनं (शहर बसनं) घरी यायचे. आम्ही मैत्रिणींनी हिशोब केला, जेवणखाण सोडलं तरी वर्ष लागतंय. तोवर काय, पावती दाखवायची?

हुपरीकर, तुमच्या घरात लहान मुलं आहेत का? त्याबद्दल आख्ख्या धाग्यात अजून एकानं विचारलेलं नाही. बोअर, नळी, ग्रॅम सगळं झालं.

चंदेरी_हुपरीकर | मंगळवार, रात्री १०:३०

आहेत ताई. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. तो कपाटाची किल्ली शोधून काढतो, चॉकलेटं तिथं असतात म्हणून.

काळा_कोट, तक्रार दिली नव्हती. उद्या देतो.

सुभेदारसाहेब, तुमच्या प्रश्नावर दिवसभर विचार केला. खरंच काढू शकणार नाही.

[प्रतिसाद संपादित] | मंगळवार, रात्री ११:४८

प्रतिसाद काढून टाकला आहे.

संपादक | रात्री ११:५५

वरील सदस्यानं 'बाहेरून स्वस्तात आणून देतो' अशा आशयाचं लिहिलं होतं. प्रतिसाद उडवला आहे, सदस्यत्व गोठवलं आहे. गावठी कट्ट्याची चर्चा इथं गमतीतही चालणार नाही.

टाकळीचा_सुभेदार | बुधवार, सकाळी ६:०५

बरं केलंत. तुरुंग राहू द्या बाजूला. असल्या नळ्या कधी पाइपातनं बनवलेल्या असतात. समोरच्याला लागायच्या आधी धरणाऱ्याचीच बोटं जातात.

गुजरीतला_जुना | बुधवार, दुपारी १२:१०

लिहू का नको करत होतो. लिहितोच.

माझ्याकडं १९९८ पासून .३२ रिव्हॉल्व्हर आहे. वडिलांनी आग्रह केला म्हणून काढलं. तेव्हापासून आजपर्यंत मी किती बार टाकले असतील? चाळीस. तेही सगळे निशाणावर. अंगावर कोणी आलं नाही, देवीची कृपा. मात्र निवडणूक आली की बोलावणं येतं, हत्यार ठाण्यात जमा करा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा... ते हत्यार माझ्यापेक्षा पोलीस ठाण्यात जास्त राहिलंय असं आमची ही म्हणते. पावती नीट जपायची. मी एकदा हरवली, तर आपलंच हत्यार परत मिळवायला तीन आठवडे फेऱ्या.

खरी गोष्ट ही नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याहून येत होतो, गाडी मी चालवत होतो. हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो, पोटाची गडबड. बाथरूममध्ये गेलो, कमरेचा पाऊच काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बाहेर आलो, हात धुतले, मिसळ मागवली, खाल्ली, बिल दिलं, निघालो. पस्तीस-चाळीस किलोमीटर आल्यावर सीटचा पट्टा लावताना कमरेला हात गेला. मोकळी.

गाडी कशी वळवली, कुठून वळवली, आठवत नाही. एसी चालू होता आणि घाम मानेवरून पाठीत उतरत होता. डोक्यात एकच, कुणा पोराच्या हाताला लागलं असेल तर. त्या वेळात किती लोक त्या बाथरूममध्ये गेले असतील याचा हिशोब करत होतो. पोचलो, पळत गेलो, दाराला आतून कडी. कोणीतरी आत. मी दारावर थापा मारतोय आणि आतला माणूस शिव्या देतोय. शेवटी एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. पाऊच जिथं ठेवला तिथंच होता, त्यावर त्यांनी आपली टोपी ठेवली होती.

त्या दिवसापासून हत्यार घरातल्या तिजोरीत. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळी किल्ली. मी बाळगत नाही. मुलाला सांगून ठेवलंय, माझ्यानंतर नियमाप्रमाणं जमा कर, वारसा म्हणून घेऊ नको.

गंगावेशी_गडी | १२:२५

टोपी ठेवली होती... अंगावर काटा आला राव. आज ज्योक नाही.

राजारामपुरी_१३वी_गल्ली | १२:४०

लिहिलंत ते बरं झालं.

हत्तीच्या_वाटेवर | बुधवार, रात्री ८:५५

आजरा तालुका. आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. आजोबांच्या नावावर ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाचा परवाना. दारू, चिंधी, छरे, गजानं ठासायचं, आणि तोवर डुकरं अख्खा भुईमूग उकरून घरी पोचलेली. बार काढायचा तो आवाजासाठीच. आता तर टस्कर येतो. त्याच्यासमोर ठासणी काय नि तोफ काय, घरात बसायचं आणि वनखात्याला फोन. तो केळीची बाग खाऊन, पाण्याची टाकी पाडून, सावकाश जातो.

अवांतर: शस्त्रं बघायची असतील तर न्यू पॅलेसला जा. तलवारी, बंदुका आणि शाहू महाराजांच्या काळातल्या शिकारी, पेंढा भरलेले वाघ. लहानपणी सहलीत मी त्या वाघाला घाबरून मास्तरांच्या धोतरात शिरलो होतो.

तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री ९:१०

अवांतराला अवांतर. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, ४५१.४ गुण, तेव्हापासून आमच्या गल्लीतली निम्मी पोरं छर्‍याची बंदूक मागतायत. कांबळवाडीचा, आपल्या राधानगरी तालुक्यातला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती, राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला सुवर्ण. कोल्हापुरात पैलवान जास्त का नेमबाज, यावर धागा काढावा का?

दहा_पॉइंट_नऊ | बुधवार, रात्री ९:३२

काढाच. राहीताईंचा २५ मीटर पिस्तूल हाच प्रकार हुपरीकरांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा आहे. .२२ चं पिस्तूल. निम्मे बार सावकाश, निम्मे असे की निशाण ३ सेकंद समोर, मग ७ सेकंद नाही. त्या ३ सेकंदांत हात खालून वर आणून एकच बार. वाचायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं, पाचपैकी तीन वेळा निशाण गेल्यावर बार सुटला. तेही शांत रेंजवर, कानाला मफ लावून, मागं कोणी लाथ मारत नसताना.

सुभेदारकाका, एअर 'अर्धं' म्हणालात ते मान्य. पण जी माणसं उरलेल्या अर्ध्यापासून सुरू करतात त्यांना ती झटकणी आयुष्यभर कळत नाही. धक्क्यात लपून जाते.

टाकळीचा_सुभेदार | गुरुवार, सकाळी ५:५०

हे मान्य. रंगरूटाच्या बंदुकीत मधेच एक रिकामं काडतूस घालायचो आम्ही, त्याला न सांगता. बार होत नाही, पण नळी वीतभर खाली जाते. मग तोच लाजतो.

कॅलिबर_कट्टा | गुरुवार, सकाळी १०:१५

सगळेच इतके सोवळे झालेत की धागाकर्त्यानं आता गुलेल घ्यावी. अहो, माणसाला खरी भीती आहे. रोकड घेऊन जातोय. परवाना देणारं सरकार वेडं आहे का?

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ११:००

भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण चालवल्यावर काय होतं तेही ऐका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी भा.दं.वि. ९६ ते १०६ होता. दरोड्यासारख्या प्रसंगात कायदा तुमच्या बाजूनं बराच पुढं जातो. पण गरजेपुरतंच. चोर पिशवी घेऊन पळाला, पाठ दाखवली, आणि तुम्ही मागून बार टाकला, तर आता आरोपी तुम्ही. आणि 'गरजेपुरतं' होतं की नाही हे ठरणार कोर्टात, वर्षानुवर्षांनी, तुमची चांदी घडवायची सोडून.

लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठीही जाता जाता: २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाचा मामा असला तरी.

गुजरीतला_जुना | गुरुवार, दुपारी १:३०

हुपरीकर, धंद्यातला म्हणून दोन गोष्टी सांगतो, हत्याराशी संबंध नसलेल्या. ठरलेले वार मोडा. सोमवार-गुरुवार सगळ्या गुजरीला पाठ आहे तुमचा. दुसरं, दोघं-तिघं कारागीर मिळून चारचाकी करा, दिवसाउजेडी परत फिरा. रोकड शक्य तेवढी बँकेतनं फिरवा. आमच्यातले बरेच जण आता तेच करतात. याला कोणाची सही लागत नाही.

चंदेरी_हुपरीकर | गुरुवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. बायकोला हा अख्खा धागा वाचून दाखवला. टोपीच्या गोष्टीवर ती उठून गेली आणि कपाटाची किल्ली कुठं आहे ते बघून आली. चॉकलेटंच होती, पण तरी.

ठरवलंय असं: तक्रार दिली. वार बदलले. शनिवारपासून एअर पिस्तुलाला जातो. अर्जाचं नंतर बघतो.

गंगावेशी_गडी | ११:२४

काटाकिर्र! पुढच्या भागाची वाट बघतोय.

*(साडेचार महिन्यांनंतर)*

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ९:४०

धागा वर काढतोय. हुपरीकर, हायसा का? रिव्हॉल्व्हर का पिस्तूल?

चंदेरी_हुपरीकर | रविवार, रात्री ८:१५

हाय, हाय. उशिरा उत्तर देतोय, सीझन होता.

आठवड्यातनं दोन दिवस जातोय. ताई म्हणाल्या तसंच, पहिले बारा दिवस भिंत. सरांना म्हटलं मी फी भरलीय, ते म्हणाले भिंतीचीच भरलीय. मग छर्रे. पहिल्या दिवशी माझे दहा छर्रे कागदावर सापडेनात. तीन शेजारच्याच्या कागदावर गेले होते, तो सहावीतला पोरगा होता, त्यानं ते मोजून मला परत दिले. माझं मनगट डावीकडं खाली झटकतं. पैंजणाला डाग देताना (सांधा जोडताना) हात जसा झटकतो अगदी तसं, वीस वर्षांची सवय. कामावर आता तेही बदलतोय, डाग जास्त स्वच्छ बसतो.

अर्ज दीड महिन्यापूर्वी भरला, प्रकारात रिव्हॉल्व्हर लिहिलं. कॅलिबर_कट्टा, दुकानात जाऊन चार हत्यारं धरून बघितली. चपट्या पिस्तुलाचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचा वरचा भाग खेचून मागं घेताना माझा घामेजला हात दोनदा निसटला. प्रबळचं चक्र बाजूला उघडतं ते आवडलं, आत काय आहे ते एका नजरेत दिसतं. तर्जनीचं पेरही पोचलं. चौकशीला हवालदार येऊन गेले, शेजारच्या काकूंना विचारलं, 'माणूस कसा आहे?' काकू म्हणाल्या, 'चांगला आहे, पण उधारी वसूल करत नाही.' ते अहवालात लिहिलं का माहीत नाही.

मिळाला परवाना तर तिजोरी भिंतीत बसवायची, तोवर हत्यार घरी आणायचं नाही, असं घरातून लेखी घेतलंय माझ्याकडून. बाळगणार का, हे अजून ठरलं नाही. सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. सध्या तिघांत मिळून गाडी करतोय, चार वाजता गुजरीतनं निघतो.

टाकळीचा_सुभेदार | रविवार, रात्री ८:५०

मिळाल्यावर पहिल्या दिवशी टाकळीला या. रिकामं घेऊन. उघडायचं-बंद करायचं शंभर वेळा करून घेतो, मग जेवायला वाढतो.

राजारामपुरी_१३वी_गल्ली | रात्री ९:०२

लेखी घेतलं ते झकास. वहिनींना नमस्कार सांगा.

गंगावेशी_गडी | रात्री ९:०५

सगळं खरं, पण फुगे किती?

चंदेरी_हुपरीकर | रात्री ९:२०

पोरांना घेऊन गेलो होतो ना एका उरुसात. पाचातले दोनच. ती बंदूक वाकडी आहे हे आता कळतंय एवढाच फरक. मुलीनं विचारलं, पप्पा तुम्ही क्लासला जाता ना?

दहा_पॉइंट_नऊ | रात्री ९:४१

पहिला छर्रा फुग्यावर मारायचाच नाही. पाटीवरच्या एखाद्या खिळ्यावर नेम धरा, कुठं लागला ते बघा, आणि पुढचे चार तेवढंच उलट्या बाजूला धरून मारा. म्हणजे पाचातले चार.